माहिषाम्लाची वडी

भरतेश मगदूम कुपवाडच्या एका खासगी प्रयोगशाळेत म्हशीच्या मांसातली चरबी तपासत असे, आणि आपण दूध तपासतो असं त्याने आईला सांगितलं होतं. बायकोला खरं माहीत होतं. शेजाऱ्यांना संशय होता. देवळाच्या ट्रस्टलाही माहीत होतं, पण देणगीदारांच्या फलकावर त्याच्या नावापुढे 'दुग्धतज्ज्ञ' असं रंगवून ट्रस्टने सगळ्यांचीच सोय केली होती. सूर्यास्ताच्या आत जेवणाऱ्या, कांदाबटाटा वर्ज्य असलेल्या जैन घरातला मुलगा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाला आणि त्याला नोकरी लागली ती परदेशी जाणाऱ्या मांसाला दाखले देण्याची, यात दोष कुणाचा नव्हता. जिल्ह्यात त्या वर्षी तेवढीच जागा निघाली होती. शिवाय खोटं काही फार मोठं नव्हतं. जनावर तेच, यंत्रही तेच. फरक असलाच तर जनावराच्या वयाचा.

प्रत्यक्ष मांस तो कधी पाहत नसे. त्याच्या टेबलावर येईपर्यंत त्यातलं मांस म्हणण्यासारखं जे काही असतं ते संपलेलं असे. बोटभर काचेच्या कुपीत तळाला पांढरा थर, एवढंच उरे. शेजारच्या टेबलावर मिरजेची शमशाद मुल्ला प्रथिनं मोजायला बसे. "मगदूमसाहेब," ती म्हणे, "तुम्ही जेवढ्या म्हशी बघितल्यात, तेवढ्या आमच्या सगळ्या खानदानानं खाल्ल्या नाहीत."

चरबी म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. एक छोटी बैठक असते, तिच्यावर तीन खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक मेदाम्ल बसलेलं. मेदाम्लं म्हणजे कार्बनच्या साखळ्या; कुणी आखूड, कुणी लांब, कुणी ताठ, कुणी मध्येच वाकलेली. भरतेश त्यांना खुर्च्यांवरून उठवी, त्यांची वाफ करी आणि केसाहून थोड्याच जाड, पण गल्लीच्या टोकाला पोचेल इतक्या लांब नळीतून त्यांना पळवी. आखूड साखळ्या आधी बाहेर पडत, लांब मागाहून. पडद्यावर प्रत्येकीचं एकेक टेकाड उमटे. त्या टेकाडांच्या रांगेवरून तो सांगू शके, की हे म्हशीचं की गाईबैलाचं, जनावर रानात चरलं की पेंडीवर वाढलं. म्हशीच्या मांसात चरबी कमी, कोलेस्टेरॉलही गाईबैलापेक्षा कमी, आणि असते ती चरबी खडूसारखी पांढरी. गवतातला पिवळा रंग म्हैस पुरता वापरून टाकते, गाय थोडा अंगावर बाळगते. 'पोषणमूल्य उत्तम' असं भरतेश रोज सहीनिशी जगाला कळवी आणि घरी येऊन मुगाची आमटी जेवी.

सतरा आणि अठरा कार्बनांच्या टेकाडांमध्ये एक बारकं उंचवट्यासारखं काहीतरी नेहमी दिसे. भरतेश ते पुसून टाकी, कारण दाखल्यात त्याला जागा नव्हती. पुढे उत्तरेतल्या एका पशुवैद्यक महाविद्यालयातल्या बाईंनी ते न पुसता त्याचाच पाठपुरावा केला, आणि जगाला माहिषाम्ल मिळालं.

म्हशीच्या पोटातला एक जंतू ते तयार करतो, अगदी कणाकणाने. ते दुधात उतरत नाही; स्नायूंच्या आतल्या चरबीत वर्षानुवर्षं साठत जातं. जनावर खाऊनपिऊन माजलं की ते पातळ होतं. म्हणून ते सर्वांत जास्त सापडतं ते आयुष्यभर ओझी ओढलेल्या, अर्धपोटी म्हाताऱ्या रेड्यांत, ज्यांचं मांस आजवर सर्वांत खालच्या प्रतीचं म्हणून ओळखलं जाई. मेंदू हा पाणी वजा केलं तर निम्म्याहून जास्त चरबीचाच बनलेला असतो. म्हातारपणी काहींच्या मेंदूपेशींची आवरणं ताठरतात, एका पेशीचा निरोप दुसरीला पोचेनासा होतो, आणि माणूस आधी चष्मा, मग नावं, मग नाती विसरत जातो. माहिषाम्लाची साखळी दोन ठिकाणी वाकलेली. ती त्या आवरणांत शिरली की आवरणं पुन्हा लवचीक होतात आणि निरोप जाऊ लागतात. हा इलाज नव्हे, उसनवारी होती. काही आठवड्यांत शरीर ते आम्ल जाळून टाकी आणि सगळं मूळपदावर येई.

पहिला प्रश्न सगळ्यांनी विचारला तो हा, की कारखान्यात का बनवत नाही. आम्ल बनवता येई. पण ते मधल्या खुर्चीवर बसलेलं असेल तरच यकृत त्याला हात न लावता पुढे सोडतं, आणि कारखान्यात त्याला मधल्या खुर्चीवर बसवलं की दिवसभरात ते सरकून कडेच्या खुर्चीवर जाई. रेड्याच्या अंगात मात्र ते जागचं हलत नसे. दुसरा प्रश्न, तुपातून मिळणार नाही का. नाही, असं उत्तर आलं तरी लोकांनी वर्षभर म्हशीचं तूप वाटीवाटीने पिऊन पाहिलं. आठवलं कुणालाच काही नाही, पण वजनं लक्षात राहण्यासारखी वाढली. तिसरी शंका कुणी उघड बोललं नाही, पण गाईबैलाच्या चरबीत ते नाही हे सिद्ध झालं तेव्हा सबंध राज्याने सुटकेचा श्वास टाकला. ते तिथे सापडलं असतं तर काय काय करावं लागलं असतं याचा विचार विरोधी पक्षालाही करायचा नव्हता.

मग वडी आली. पांढरी, खोबऱ्याच्या चवीची, टाळूला चिकटणारी. शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि मांसाहाराचा तपकिरी यांच्या मधोमध सरकारने औषधी चरबीसाठी करडा ठिपका काढला. कंपन्यांनी तो इतका बारीक छापला की दिसायला तरुण डोळे लागत, आणि तरुणांना वडी लागत नसे. ठिकठिकाणच्या समाजांच्या विद्वानांनी बंद दाराआड बैठका घेतल्या. बहुतेकांचा निर्णय एकसारखा निघाला: घेणाऱ्याला माहीत नसेल तर घेणाऱ्याला दोष नाही, देणाऱ्याने आपलं बघून घ्यावं, आणि ही बैठक झालीच नाही असं समजावं.

हे सगळं चालू असताना भरतेशची आई, आक्का, त्याला पाव्हणं म्हणू लागली होती.

आक्का म्हणजे राजमती मगदूम. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, धान्य निवडल्याशिवाय शिजवायचं नाही, दिवा लागल्यावर तोंडात काही घालायचं नाही, असं तिचं आयुष्य गेलं होतं. आता ती दिवेलागणीनंतर दारात येऊन भाकरी मागू लागली. आपण दुपारी जेवलो हे तिच्या लक्षात नसे, आणि आपण या वेळी जेवत नाही हेही. भरतेशची बायको विद्युल्लता तिला समजावी, "आत्ती, सूर्य मावळला." आक्का अदबीने म्हणे, "मावळू द्या की बाई. त्याचं त्यो बघंल." हे वाक्य ऐकून भरतेशने वडी आणायचं ठरवलं.

"माझ्या ताटात नको, माझ्या चमच्यानं नको, माझ्यासमोर नको," विद्युल्लता म्हणाली.

"मग देऊ कुठं?"

"मला काय विचारता? दुग्धतज्ज्ञ तुम्ही."

"विदू, ती मला ओळखत नाही."

"मला तरी कुठं ओळखतात? पण मी त्यांना म्हशीची चरबी चारायला निघाले का?" ती डाळ निवडत होती, मान वर न करता. "आणि शुद्धीवर आल्या की काय सांगणार आहात?"

"आधी येऊ तर दे."

"म्हणजे ठरलंय तुमचं."

ठरलंच होतं. परसात कपडे धुवायच्या दगडावर बसवून त्याने आक्काला पहिली वडी भरवली. ती तिने चघळत चघळत खाल्ली. "बरी हाय," ती म्हणाली. "पाव्हणं, तुमच्या घरची काय?"

त्यानंतर तो रोज तिला परसात घेऊन जाई. फरक हळूहळू पडला. एकदा तिने पाणी गाळायला फडकं मागितलं. एकदा दिवा लागलेला बघून ताट मागे सारलं. आणि एका सकाळी तो बूट घालत असताना तिने त्याच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "भरत्या, पोट किती सुटलंय तुझं. चालत जा की कामाला."

भरतेश एका पायात बूट तसाच घेऊन मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिला.

पुढचे दिवस घरात गडबडीचे गेले. आक्का नव्हती त्या काळात तिची धाकटी बहीण वारली होती. ते आता तिला सांगावं लागलं, आणि राहून गेलेलं सगळं रडणं ती दोन दिवसांत रडली. मग तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. ती नव्हती त्या काळात फ्रिजमध्ये कांदाही आला होता. विद्युल्लताने तो तिच्या डोळ्यांदेखत नेऊन शेजारणीला दिला . भरतेश मात्र बाहेरून येताना मुद्दाम दारातून हाक मारी, "आक्का." आतून "आलास?" असं ऐकू येई. त्यासाठी तो घरात येऊन पुन्हा एकदा बाहेर जाई.

वडी तो आता औषध म्हणून देत होता. एका सकाळी ती घेऊन आक्काने ती तोंडात न घालता मोडली आणि अर्धी रुमालाच्या टोकाला बांधली.

"तुझ्या यंत्रात दुधाची पारख होती न्हवं?"

"होती की."

"मग ह्यात काय काय हाय ते बघून ये. इचारल्याबिगर कायबी तोंडात घालत न्हवते मी. हे कधीपास्नं खातेय कुणास ठाऊक. संध्याकाळी सांग मला."

"आक्का, डॉक्टरांनी दिलंय ते."

"डॉक्टर माझं नियम पाळत न्हाईत. मी पाळते."

भरतेशने नमुना खरोखरच यंत्रात घातला. आलेला नमुना परत पाठवायची त्याला सवय नव्हती. पडद्यावर ओळखीची टेकाडं उमटली आणि सतरा-अठराच्या मध्ये एक उंच सुळका उभा राहिला. शमशाद मागे येऊन थांबली.

"घरचं सँपल?"

"हं."

"आईला देताय होय. आम्ही अब्बांना देतो." ती शेजारच्या खुर्चीवर टेकली. "आम्हाला अडचण कसलीच नाही, फक्त परवडत नाही. पूर्वी गल्लीत मिळायचं ते जनावर, आता सगळं कंपनीला जातंय. मग महिन्याआड देतो. एक महिना ते मला ओळखतात, एक महिना मी त्यांना."

"तिनं तपासून आणायला सांगितलंय. यात काय आहे म्हणून."

शमशादने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "खोबरं सांगा," ती म्हणाली. "आईच आहे. दुधाचं चाललं ना इतकी वर्षं, खोबऱ्याचं पण चालंल."

घरी येताना भरतेशने खोबरं, साखर आणि दुधाची पावडर अशी तिन्ही नावं नीट घोकली. आक्का घराच्या पुढच्या सोप्यात वाट बघत बसली होती. तिने समोरच्या पाटाकडे बोट केलं. तो बसला.

"सांग."

खोटं बोलायला तो पूर्ण तयार होता. पण ती त्याच्याकडे बघत होती, ती नजर त्याच्या ओळखीची होती, आणि त्या नजरेत आपण ओळखलो गेलोय हे त्याला दिसत होतं. या नजरेला खोटं सांगायचं तर ती परत आणली तरी कशाला, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. विचार म्हणून तो फारसा शास्त्रीय नव्हता. त्याने तिला सगळं सांगितलं. रेडा, चरबी, मधली खुर्ची, परसातला दगड. ओघात आपण दूध तपासत नाही हेही सांगितलं.

"ते ठाऊक होतं," आक्का म्हणाली. "तुझ्या कापडांना दुधाचा वास कधी आलाच न्हाई."

"मग विचारलं का नाहीस?"

"इचारलं असतं तर तुला नोकरी सोडाय लागली असती. पोरं ल्हान होती. पण हे मी इचारलं."

ती उठली. परसात जाऊन तिने चुळा भरल्या, पुन्हा पुन्हा, तांब्यातलं पाणी संपेपर्यंत. मग आत येऊन जपाला बसली. भरतेश पाटावर तसाच होता. जप संपल्यावर ती म्हणाली, "ह्यापुढं न्हाई."

"तू परत विसरशील सगळं."

"इसरीन. इसरणं माझं कर्म हाय. चारणं तुझं."

"मला विसरशील."

बाहेर कुणाची तरी रिक्षा मागे घेताना टींटीं करत होती, ती थांबली.

"व्हय," आक्का म्हणाली.

चातुर्मास चालू होता. कृष्णेपलीकडच्या एका गावात मुनिमहाराज मुक्कामाला होते. आक्काने शुद्ध आहे तोवर तिथे न्यायला सांगितलं. महाराजांपुढे बसून तिने काय खाल्लं ते स्पष्ट शब्दांत सांगितलं. सभामंडपात बसलेल्या बायका पदर सावरून थोड्या मागे सरकल्या. महाराज शांत होते. अजाणता घडलं, एक उपवास कर आणि जप कर, असं त्यांनी तिला सांगितलं. मग भरतेशकडे बघून विचारलं, "जाणून कुणी केलं?"

"मी, महाराज."

"तूप सोड एक वर्ष."

भरतेशने हात जोडून तूप सोडलं. एवढ्यावर सुटलो याचं त्याला वाईट वाटलं. बाहेर गाडीपाशी ट्रस्टचे चिटणीस नेमगोंडा खोत त्याची वाट बघत होते. त्यांनी त्याला खांद्याला धरून बाजूला घेतलं.

"फार धाडस केलं बघा तुमच्या मातोश्रींनी. असं उघड सांगायचं म्हणजे." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "ती वडी, म्हणजे आपल्याला मिळते ती नकली तर नसंल? आमच्या वडिलांना फरकच पडंना झालाय. तुमच्या यंत्रात जरा घालून बघाल काय?"

हिवाळा लागेपर्यंत आक्का पुन्हा गेली. या वेळी जाताना तिला कळत होतं, एवढाच फरक. ती भिंतीला हात लावत चाले आणि म्हणे, "भरत्या, हे देवघर न्हवं?" मग एक दिवस भरत्या गळून पडलं आणि नुसतं देवघर उरलं. मग तेही गेलं. भरतेश कामावरून आला की सोप्यातली म्हातारी बाई पदर सारखा करून उठून उभी राही, परक्या माणसासमोर राहतात तशी.

"नका देऊ आता," विद्युल्लता म्हणाली. तिने त्याच्या बॅगेत डबी पाहिली होती. "अजाणता होतं तोवर होतं. आता त्या नाही म्हणाल्यात. शुद्धीवर असताना, देवाशपथ."

"नाही म्हणणारी बाई आता आहे कुठं घरात?"

"ती नाही म्हणून तिचं म्हणणं पण गेलं?"

"नाही म्हणायला तरी ती पाहिजे, विदू," भरतेश म्हणाला. "येऊ दे परत, आणि म्हणू दे मला नाही."

हे त्याला तर्काला धरून वाटत होतं. परसातल्या दगडावर त्याने तिला पुन्हा वडी भरवली. तिने ती आवडीने खाल्ली.

या वेळी ती परत आली तेव्हा तिने आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं ते हाताकडे, आणि हातातल्या वडीकडे.

"परत दिलीस," ती म्हणाली.

त्याने वाट बघितली. ती रागावली असती, महाराजांकडे ने म्हणाली असती, तर त्याला चाललं असतं. ती फक्त विचारात पडली. दुसऱ्या दिवशी तिने त्याला सोप्यात बोलावलं आणि सांगितलं, "ताटातला घास उचल आणि माझ्या तोंडापाशी आण."

"कशाला?"

"आण म्हणते न्हवं."

त्याने भाताचा घास तिच्या ओठांपाशी नेला. आक्काने तोंड मिटून मान भिंतीकडे फिरवली. "परत," ती म्हणाली. त्याने परत नेला. तिने परत फिरवली. भात झाला, मग पाण्याचा पेला झाला, मग सोललेलं केळं.

"शिक्षा आहे का ही?" त्याने विचारलं.

"शिक्षा म्हण. रोज करायची."

भरतेशला ते बरं वाटलं. तूप सोडण्यापेक्षा हे प्रायश्चित्त जास्त खरं होतं. सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत तो तिच्यासमोर बसे, घास पुढे करी, ती मान फिरवी. कधी मान नीट फिरली नाही असं वाटलं तर आक्का स्वतःच पुन्हा करायला लावी. नंतर विद्युल्लताच्या हातून तोच भात ती मुकाट्याने जेवी.

हे नेमकं काय चाललंय ते विद्युल्लताला आधी कळलं, कारण तिने आक्काला विचारलं. आक्काने तरुणपणी देवळातल्या पाठशाळेत लहान मुलांना सूत्रं शिकवली होती. मुलं म्हणत, बाई, अर्थ कळत नाही. ती म्हणे, अर्थ असू दे, म्हणत राहा. "अर्थ इसरतो गं माणूस," आक्का सुनेला म्हणाली. "तोंडाला बसलेलं न्हाई इसरत. माझ्या मानेला बसवून ठिवते. मग माझं डोस्कं ऱ्हाऊ दे न्हाईतर जाऊ दे."

विद्युल्लताने हे नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला त्यामागचं शास्त्रही सांगता आलं असतं. नावं, तारखा, चेहरे मेंदूत एकीकडे असतात आणि अंगवळणी पडलेलं दुसरीकडे. सायकल चालवणं, फुलं गुंफणं, तापलेल्या तव्यापासून हात मागे घेणं. आजार पहिल्या खोलीत आधी शिरतो. दुसरीत तो फार उशिरा पोचतो, कधी कधी पोचतच नाही.

वडी बंद झाली होती, कारण आक्का आता त्याच्या हातून काहीच घेत नव्हती. उन्हाळ्यात ती पुन्हा विसरू लागली. या वेळी भरतेश घाबरला नाही. त्याच्याकडे डबी होती. ती पुरती विसरेपर्यंत त्याने थांबायचं ठरवलं होतं, आणि ती पुरती विसरली. तिला सून आठवेना, घर आठवेना, स्वतःचं नाव विचारलं तर ती लाजून हसे. केळीवाल्याने दारात हातावर केळं ठेवलं तर ते तिथेच उभ्याने खाई, गाळलेलं न गाळलेलं पाणी पिई, आणि रात्र आहे की दिवस याचं तिला काही नव्हतं. एका संध्याकाळी भरतेशने तिला परसात नेलं, दगडावर बसवलं आणि वडी तिच्या ओठांपाशी नेली.

आक्काने तोंड मिटून मान भिंतीकडे फिरवली.

त्याने भात आणला. मान फिरली. त्याने मिठाईवाल्याकडून पेढा आणला, तिला आवडणारी चिकूची फोड आणली. मान फिरली. त्याने शर्ट बदलला, तोंडाला मास्क लावला, हातमोजे घातले, मागून येऊन खांद्यावरून घास पुढे केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती, ओळख तर नव्हतीच. आपण असं का करतो याचं तिलाच थोडं नवल वाटत असावं. पण ओठ उघडत नसत. मागून विद्युल्लता आली, तिने तोच चिकू घेतला आणि आक्काने तो खाल्ला.

"तू दे वडी," भरतेश म्हणाला.

"मी नाही."

"विदू, एकदाच. ती परत आली की तिलाच विचारू."

"विचारलंत की दोनदा." विद्युल्लताने आक्काच्या हनुवटीवरचा रस पदराने पुसला. "त्यांचं सगळं गेलंय. एवढंच काय ते त्यांनी स्वतःसाठी ठेवलंय. ते मी मोडू?"

त्याने एक कामवाली बाई ठेवून पाहिली. विद्युल्लताने तिला पहिल्याच दिवशी डबीसकट परत पाठवलं. त्यानंतर आक्काचं ताट ती स्वतः वाढी आणि रिकामं होईपर्यंत तिथून हलत नसे. भरतेशला स्वयंपाकघरात शिरताना आता स्वतःच्याच घरी झडती दिल्यासारखं होई. प्रयोगशाळेत रजा मागायचं त्याने ठरवलं, पण मागितली नाही. काम वाढलं होतं. वडीच्या दाखल्यांसाठी कंपन्यांची रांग लागली होती, आणि दाखल्यात सतरा-अठराच्या मधल्या टेकाडाला आता सर्वांत वरची जागा होती.

पावसाळ्यात मिरजेहून डॉक्टर घरी तपासायला आला. तरुण होता, बोलायला चांगला. त्याने आक्काला फोटो दाखवले. नवऱ्याचा, बहिणीचा, नातवंडांचा, तिचा स्वतःचा. आक्काने प्रत्येक फोटो आदराने बघून परत दिला. त्याने विद्युल्लताकडे बोट करून विचारलं, ह्या कोण. "बरी बाई हाय," आक्का म्हणाली. त्याने भरतेशकडे बोट केलं. आक्का नुसती बघत राहिली. मग अचानक तिला ठसका लागला.

भरतेश जवळ होता. त्याने पाण्याचा पेला उचलून तिच्यापुढे धरला. आक्का खोकत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तिने ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे फिरवली.

डॉक्टर लक्ष देऊन बघत होता. त्याने भरतेशला पेला खाली ठेवून पुन्हा उचलायला सांगितला. मान पुन्हा फिरली. मग त्याने स्वतः पेला पुढे केला, तर ती वळू लागली ती पेल्याकडे.

"हे चांगलं लक्षण आहे," तो म्हणाला. "नाव नाही सांगता येत त्यांना, पण घरात एका माणसाला त्या नक्की ओळखतात."

त्याने पेला भरतेशकडे परत दिला. भरतेशने तो विद्युल्लताच्या हातात दिला, आणि आक्का पाणी प्यायली.